रात्रपाळीचें पुढारीपण

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघालें म्हणजे सुमारें ७५ किलोमीटरांवर नारायणगांव लागतें आणि त्याला अगदीं खेटून वारूळवाडी. वारूळ म्हटलें कीं मराठी मनाला मुंग्यांच्या आधीं नाग आठवतो. नागपंचमीच्या दिवशीं बायका वारुळाशीं दूध-लाह्या ठेवतात त्या कांहीं मुंग्यांसाठीं नव्हेत. परंतु जुन्नर तालुक्याच्या ह्या बागायती पट्ट्यांत नाग हा केवळ पूजेचा विषय राहिलेला नाहीं. मीना आणि कुकडी ह्या नद्यांच्या पाण्यावर येथें ऊंस, कांदा, टोमॅटो, द्राक्षें पिकतात. पीक आलें कीं उंदीर आला आणि उंदरामागून साप आला. शेतीच्या पंपाची वीज रात्रीं मिळाली तर पाणी द्यावयासहि रात्रींच जावें लागतें; ऊंस तोडणाऱ्यांचीं कुटुंबें पालांत जमिनीवर निजतात. मनुष्य आणि सर्प ह्यांची गांठ पडण्यास ह्याहून अनुकूल परिस्थिति शोधून सांपडावयाची नाहीं.

२००० पासून २०१९ पर्यंतच्या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं, असा अंदाज २०२० मध्यें प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ मध्यें सर्पदंशाची गणना उपेक्षित रोगांत केली. २०३० पर्यंत हे मृत्यु निम्म्यावर आणण्याचा संकल्प तिनें २०१९ मध्यें सोडला. आणि भारत सरकारनेंहि २०२४ मध्यें त्यासाठीं राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. संकल्प जिनीव्हास आणि दिल्लीस सुटतात. ते पुरे व्हावयाचे ते मात्र नारायणगांवासारख्या ठिकाणीं, रात्रीं दोन वाजतां.

नारायणगांवांत डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत हें दांपत्य तीस वर्षांहून अधिक काळ सर्पदंशाच्या रोग्यांवर उपचार करीत आलेलें आहे, आणि तालुक्यांत सर्पदंशानें एकहि माणूस मरूं नये हें ध्येय त्यांनीं पुढें ठेवलेलें आहे. अशा डॉक्टरांना लोक देव मानतात, आणि त्यांत नवल नाहीं. तथापि येथें कोणा एका रुग्णालयाचें वर्णन करावयाचें नाहीं. प्रश्न निराळा आहे. सर्पदंशाचा रोगी वाचला म्हणजे नांव डॉक्टरांचें होतें. पण दरवाजांत गाडी थांबल्यापासून डॉक्टर खाटेशीं येईपर्यंत, आणि ते पुढच्या खाटेकडे वळल्यापासून उजाडेपर्यंत, ह्या रोग्याचा पुढारी कोण असतो?

पुढारी हा शब्द आपल्याकडे सभा, निवडणुका आणि फुलांचे हार ह्यांनीं इतका मळवून टाकला आहे कीं, रुग्णालयाच्या वॉर्डांत तो वापरला तर हंसूं यावें. परंतु शब्दाचा मूळ अर्थ साधा आहे. जो पुढें होतो तो पुढारी. आणि वॉर्डांत पुढें होण्याची पाळी कोणावर केव्हां येईल ह्याचा नेम नसतो.

सर्पदंशाच्या रात्रीचा सामान्य क्रम असा असतो. पाणी धरावयास गेलेला शेतकरी, बरोबर दोघे भाऊ किंवा शेजारी, आणि एका रुमालांत किंवा पिशवींत कित्येकदां मारलेला साप. हा साप कोणी आणूं नये. तो शोधण्यांत वेळ जातो आणि मेलेल्या सापाच्या दांतानेंहि माणसाला इजा होते. पायाला सुतळी करकचून आवळलेली असते, तीहि आवळावयास नको होती. मांत्रिकाकडे तास-दीड तास गेला असेल तर तो आतां परत मिळावयाचा नाहीं. ह्या सर्वांना प्रथम भेटते ती रात्रपाळीची परिचारिका. पहिला निर्णय तिचाच असतो. रडणाऱ्या नातेवाईकांपैकीं कोणाला बाहेर पाठवावयाचें आणि कोणाला जवळ ठेवून दंश किती वाजतां झाला हें विचारावयाचें, पायाची सुतळी एकदम न सोडतां डॉक्टर आणि औषध तयार होईपर्यंत कसें थांबावयाचें, रोग्याला चालूं न देतां खाटेवर कसें न्यावयाचें, हें सारें ती ठरविते. डॉक्टरांना हांक मारण्यापूर्वीं वॉर्डाचा सूर तिच्या आवाजानें लागून गेलेला असतो. ती घाबरली तर सगळे घाबरतात.

महाराष्ट्रांत माणसाला मारणारे सर्प मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें. पहिल्या दोहोंचें विष मज्जातंतूंवर आघात करतें. दुसऱ्या दोहोंचें रक्तावर. घोणस किंवा फुरसें चावलें असेल तर रक्त गोठण्याची शक्ति नाहींशी होते, आणि ही गोष्ट ओळखावयास मोठें यंत्र लागत नाहीं. एक कांचेची नळी घ्यावयाची, तींत रोग्याचें दोन मिलिलिटर ताजें रक्त घालावयाचें, नळी उभी करून वीस मिनिटें तिला हात लावावयाचा नाहीं, आणि मग ती हलकेंच तिरपी करावयाची. रक्ताची गांठ झाली असेल तर धीर धरावयाचा. रक्त पाण्यासारखें ओघळलें तर विष अंगांत भिनलें आहे, प्रतिविष सुरू करावयाचें. जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयापासून खेड्यांतल्या आरोग्यकेंद्रापर्यंत हीच कसोटी चालते.

वीस मिनिटें म्हणजे वीसच मिनिटें. दहाव्या मिनिटाला नातेवाईक विचारतो, ‘अहो, औषध कधीं देणार?’ पंधराव्या मिनिटाला दुसरा रोगी येतो. नळी कोणीतरी उचलून पाहावयास जातो. ह्या वेळांत त्या मेजाजवळ उभी असलेली आणि ‘हात लावूं नका, अजून पांच मिनिटें आहेत’ असें स्वच्छ सांगणारी जी व्यक्ति, ती त्या वीस मिनिटांपुरती सर्व रुग्णालयाची प्रमुख असते. मग ती वीस वर्षांची शिकाऊ मुलगी कां असेना. तिचा शब्द त्या वेळीं मोठ्या डॉक्टरांनींहि मानावयाचा असतो, आणि चांगले डॉक्टर तो मानतात.

पण ह्या नळीची गोष्ट येथेंच संपत नाहीं. नळी कांचेचीच हवी, कोरडी हवी, आणि स्वच्छ हवी. परंतु साबणानें धुतलेली चालत नाहीं. साबणाचा अंश कांचेला राहिला तर निरोगी माणसाचें रक्तहि तींत नीट गोठत नाहीं. प्लॅस्टिकच्या नळीचेंहि तसेंच. म्हणजे अमुक नळी नवी आहे कीं धुतलेली, हें ज्या मावशींना ठाऊक असतें त्यांच्या हातांत निदानाचा एक भाग आहे. मावशींना ‘नळ्या धुऊं नका’ एवढाच हुकूम दिला तर एखाद्या दिवशीं त्या, स्वच्छतेच्या सद्बुद्धीनेंच, त्या घासून लख्ख करून ठेवतील. कां धुवावयाच्या नाहींत हें त्यांना एकदां समजावून सांगितलें, गोठलेलें आणि न गोठलेलें रक्त शेजारीं शेजारीं ठेवून दाखविलें, तर त्याच मावशी पुढें नव्या परिचारिकेला अडवून म्हणतील, ‘बाई, ही नको, ती घ्या.’ हुकूम आणि शिकवण ह्यांत एवढाच फरक, पण त्या फरकावर रोग्याचा जीव टांगलेला असतो. ज्या प्रमुखाला मावशींना कारण सांगण्यांत कमीपणा वाटतो, त्याच्या पदव्या कितीहि लांब असोत, वॉर्ड त्याच्या हातांत नाहीं.

पुढें प्रतिविष. घोड्याच्या रक्तापासून केलेलें हें औषध कुपींत भुकटीच्या रूपानें येतें. पहिल्या मात्रेला आठ-दहा कुप्या लागतात. मूल असो वा प्रौढ असो, मात्रा तीच, कारण सापानें विष सोडतांना वय पाहिलेलें नसतें. एकेक कुपी पाण्यांत विरघळवावयाची. ती जोरानें हलविली तर फेंस होतो, म्हणून हातांत फिरवीत बसावें लागतें. औषध शिरेतून जाऊं लागलें कीं पहिल्या कांहीं मिनिटांत खरी परीक्षा. घोड्याच्या रक्ताचें औषध कित्येकांना सोसत नाहीं: अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते, नाडी बुडते. त्यासाठीं अॅड्रिनलिन पिचकारींत अगोदरच भरून उशाशीं ठेवलेलें असावें लागतें. आतां डॉक्टर शेजारच्या खोलींत दुसऱ्या रोग्याला पाहत असतांना रोग्याच्या गळ्यावर पहिली गांध दिसली, तर काय करावयाचें? परिचारिकेनें धांवत जाऊन विचारावयाचें, कीं औषधाची नळी बंद करून पिचकारी मारावयाची आणि मग हांक द्यावयाची? ज्या वॉर्डांत हें आधींच ठरवून, लिहून, सर्वांना वाचून दाखविलेलें असतें तेथें ती पिचकारी मारते. जेथें ठरलेलें नसतें तेथें ती धांवत जाते, आणि तीं दोन मिनिटें रोग्याच्या हिशेबांतून जातात. पहिल्या वॉर्डांतली परिचारिका दुसरीपेक्षां शूर असते असें नाहीं. तिच्या प्रमुखानें आपला कांहीं अधिकार दिवसाउजेडीं, शांत चित्तानें, तिच्या हातीं देऊन ठेवलेला असतो. रात्रीं तो अधिकार मागावयास कोणी जाऊं शकत नाहीं.

मण्यारीची कथा सर्वांत बिकट. हा सर्प बहुधा रात्रीं, निजलेल्या माणसाला डसतो. वेदना जवळजवळ नाहीं, सूज नाहीं, दांतांची खूण कित्येकदां दिसतहि नाहीं. पहाटे माणूस पोटांत दुखतें म्हणून उठतो. रुग्णालयांत आणतात तेव्हां साप हा शब्दहि कोणी उच्चारीत नाहीं. पोटदुखीचें औषध लिहिलें जातें आणि एका कोपऱ्यांतल्या खाटेवर त्याला निजवितात. तासाभरानें सलाईनची बाटली पाहावयास आलेल्या परिचारिकेच्या लक्षांत येतें कीं, ह्याच्या पापण्या जड झाल्या आहेत. झोप आली असेल. पण हांक मारली तर तो उत्तर देतो आणि तरी पापण्या वर जात नाहींत. पाणी दिलें तर गिळतांना ठसकतो. ती वॉर्डबॉयला विचारते, ‘मामा, हे कोठें निजले होते?’ मामा नातेवाईकांना विचारून येतात: ‘शेतावर, खालीं, पोत्यावर.’

ह्या क्षणीं एक भिंत उभी राहते, आणि ती भिंत दगडाची नाहीं. डॉक्टरांनीं पोटदुखी लिहिलेली आहे. रात्रीचे तीन वाजले आहेत. डॉक्टरांनीं नुकतें कोठें डोकें टेकलें आहे. आपण उठवावें आणि कांहींच नसावें, तर? मागें एकदां अशीच उठविल्याबद्दल दुसरी एकजण सर्वांदेखत ऐकून गेलेली आहे. असलें एक वाक्य वॉर्डांत वर्षानुवर्षें जिवंत राहतें, आणि पुढच्या मुली ते कामाच्या वेळापत्रकाबरोबरच शिकून घेतात. मण्यारीचें विष श्वास चालविणाऱ्या स्नायूंपर्यंत पोंचावयास जो वेळ लागतो तोच वेळ ही मुलगी विचार करण्यांत घालवीत असते. तिनें उठविलें आणि खरोखरच कांहीं नव्हतें, तेव्हां डॉक्टरांच्या तोंडून जें पहिलें वाक्य निघेल, त्यावर पुढल्या वेळचा रोगी जगणार कीं मरणार हें ठरतें. ‘बरें केलेंत उठविलेंत, पाहून घेतलें’ असें ते म्हणाले, तर त्यांनीं त्या एका वाक्यानें वॉर्डाला जें दिलें तें कोणत्याहि यंत्रानें दिलें नसतें.

मण्यारीच्या विषानें पुरता लुळा पडलेला रोगी कधीं कधीं मेल्यासारखा दिसतो. डोळे मिटलेले, बोट हलत नाहीं, दुखवलें तरी प्रतिसाद नाहीं. परंतु त्याला ऐकूं येत असतें. कृत्रिम श्वास चालू ठेवला तर तो कांहीं दिवसांनीं उठून बसतो, आणि खाटेपाशीं कोण काय बोललें तें सांगतो. यंत्र नसेल किंवा पुण्यास न्यावयाचें असेल, तर तोंडावर बसविलेली रबरी पिशवी हातानें दाबीत राहावें लागतें. दाबणारा हात थांबला कीं श्वास थांबला. नारायणगांव ते पुणें हें अंतर गाडींत बसून एकानें पिशवी दाबीत पार करावयाचें तर मनगट भरून येतें, म्हणून हात बदलावे लागतात. केव्हां बदलावयाचे, ‘आतां तूं धर’ हें कोणी म्हणावयाचें, हाहि त्या गाडीपुरता पुढारीपणाचाच प्रश्न आहे. आणि तेथें मोठा पगार घेणारा हात आणि लहान पगार घेणारा हात ह्यांत पिशवीला फरक कळत नाहीं.

आपल्या वॉर्डांत एकमेकांना हांक मारण्याची रीत पाहण्यासारखी आहे. डॉक्टर ते ‘सर’ किंवा ‘मॅडम’, परिचारिका त्या ‘सिस्टर’, आया त्या ‘मावशी’, वॉर्डबॉय ते ‘मामा’. ह्यांत घरगुती गोडवा आहे हें खरें. पण मावशी आणि मामा ह्यांना घरांत जें स्थान असतें तेंच येथेंहि मिळतें: माया करावी, कामें करावीं, आणि मोठ्यांच्या बोलण्यांत तोंड घालूं नये. पुष्कळ ठिकाणीं ह्या माणसांचीं खरीं नांवें त्यांच्या हाजिरीपटापलीकडे कोणाला ठाऊक नसतात. जागतिक आरोग्य संघटनेनें शस्त्रक्रियेपूर्वीं तपासून घ्यावयाची जी यादी २००८ मध्यें पुढें आणली, तींत चीर देण्याआधीं खोलींतल्या प्रत्येकानें आपलें नांव आणि आपलें काम मोठ्यानें सांगावें असें एक कलम आहे. दिल्लीसह जगांतल्या आठ शहरांच्या रुग्णालयांत ह्या यादीचा प्रयोग झाला. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यु शेंकडा दीडवरून ०.८ वर आल्याचें २००९ मध्यें प्रसिद्ध झालें. सर्व श्रेय नांवें सांगण्याला देणें वेडेपणाचें होईल. तथापि ज्याला एकदां स्वतःचें नांव मोठ्यानें सांगावयास लावलें आहे, त्याला पुढें ‘डावा नव्हे, उजवा पाय’ असें सांगणें थोडें सोपें जात असावें.

ह्याहून धीट प्रयोग अमेरिकेंत मिशिगन प्रांतांत झाला. अत्यवस्थ रोग्याच्या मोठ्या शिरेत नळी घालतात, तींतून रक्तांत जंतु शिरतात आणि रोगी मूळ आजारानें नव्हे तर ह्या नळीनें मरतो. पीटर प्रोनोव्होस्ट ह्या डॉक्टरानें पांच साध्या गोष्टींचें टांचण केलें: हात धुणें, रोग्याला निर्जंतुक चादरीनें पूर्ण झांकणें, अशाच प्रकारच्या. डॉक्टरांना त्या माहीत नव्हत्या असें मुळींच नाहीं. नवीन होतें तें हें कीं, एखादी गोष्ट वगळली गेली तर परिचारिकेनें डॉक्टरांना तेथेंच थांबवावें, असा अधिकार तिला देण्यांत आला, आणि रुग्णालयाचे चालक तिच्या पाठीशीं उभे राहिले. सुमारें १०० अतिदक्षता विभागांत हें झालें. तीन महिन्यांच्या आंत ह्या जंतुदोषाचें मध्यम प्रमाण, नळीच्या दर हजार दिवसांमागें २.७ होतें, तें शून्यावर आलें. २००६ मध्यें हे आंकडे प्रसिद्ध झाले तेव्हां औषध कोणतें वापरलें असें विचारणाऱ्यांना उत्तर द्यावयास अवघड गेलें असेल.

रायगडच्या हिरकणीची आख्यायिका मराठी मुलांना पाळण्यांतच सांगितली जाते. तींत कौतुक होतें तें कडा उतरणाऱ्या मातेचें, आणि तें व्हावेंच. परंतु सूर्यास्तानंतर दार उघडणार नाहीं असें म्हणणारा तो बिननांवाचा पहारेकरी, त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं. गड राखला जातो तो त्याच्यासारख्यांमुळें. नळी घालणाऱ्या डॉक्टरापुढें हात आडवा करणारी परिचारिका ही त्याच पहाऱ्यावर उभी असते; आणि तिला ‘थांबा’ म्हणावयाचें असतें तें आपल्या वरिष्ठालाच, म्हणून तिचें काम त्या पहारेकऱ्याहूनहि अवघड.

अर्थात् ज्ञान हें वरून खालींच वाहतें असेंहि नाहीं. कोंकणांत महाडच्या बाजूला बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रांत १९७६ च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशानें तेथें माणसें, विशेषतः मुलें, मरत असत. वैद्यक जगाच्या क्रमवारींत खेड्यांतला सरकारी डॉक्टर म्हणजे अगदीं खालची पायरी. पण ह्या पायरीवरच्या माणसानें एक केलें: तो रोग्याच्या उशाशीं बसून राहिला आणि घाम, गार पडणारे हातपाय, नाडी, रक्तदाब हें तासातासानें टिपीत गेला. त्याचीं निरीक्षणें १९८२ मध्यें लंडनच्या ‘लॅन्सेट’ मध्यें छापून आलीं. प्राझोसिन नांवाचें, रक्तदाबासाठीं वापरलें जाणारें साधें औषध ह्या विषावर चालतें हें त्यानें पुढें दाखविलें, आणि गंभीर रोग्यांतलें मृत्यूचें मोठें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास उतरलें. पद्मश्री २०२२ मध्यें मिळाली. येथें महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, प्राझोसिन ही पोटांत घ्यावयाची गोळी आहे. ती द्यावयास तज्ज्ञ लागत नाहीं, मोठें रुग्णालय लागत नाहीं. ज्याच्याजवळ गोळी आहे आणि ज्याला लक्षणें शिकविलेलीं आहेत असा लहान केंद्रावरचा डॉक्टरहि रोगी वांचवूं शकतो. आपल्या हातचें कौशल्य दुसऱ्याच्या हातीं जाईल अशा रूपांत आणून ठेवणें, हें बावस्करांनीं केलें. आणि वॉर्डाच्या प्रमुखाचें मुख्य कामहि तेंच असतें.

आणि कोणाला विचारावयाची सोयच उरली नाहीं म्हणजे? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईच्या कामा रुग्णालयांत दोन सशस्त्र अतिरेकी शिरले. अंजली कुलथे ह्या परिचारिका गर्भवती स्त्रियांच्या वॉर्डांत रात्रपाळीला होत्या; वॉर्डांत वीस स्त्रिया. त्यांनीं वॉर्डाचीं जड दारें लावलीं, दिवे मालविले, आणि सगळ्यांना एका लहानशा भटारखान्यांत नेऊन बसविलें. गोळ्या आणि बाँब ह्यांचे आवाज चालू असतांनाच एका स्त्रीला वेणा सुरू झाल्या, तिचा रक्तदाब वाढलेला. डॉक्टर येऊं शकत नव्हते. कुलथेबाईंनीं तिचा हात धरून, भिंतीच्या कडेकडेनें, तिला प्रसूतिगृहापर्यंत पोंचविलें. पुढें न्यायालयांत त्यांनीं अतिरेक्याला ओळखलें, आणि २०२२ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढें त्या रात्रीची हकीकत सांगितली. ही हकीकत ऐकून लोक त्यांच्या धैर्याची वाखाणणी करतात. पण दार लावणें, दिवे मालविणें, वीस जणींना एकत्र ठेवणें, वेणा देणाऱ्या बाईला हलविणें किंवा न हलविणें, ह्या सर्व निर्णयांच्या मागें वर्षानुवर्षांची रोजची पाळी होती. कोणती स्त्री कितव्या महिन्यांत आहे, कोणाचा रक्तदाब वाढलेला आहे, हें त्या अंधारांत कागद पाहून ठरवावयाचें नव्हतें.

मात्र ह्या सर्व वर्णनानें एक गैरसमज होण्याचा संभव आहे, आणि तो टाळलेला बरा. परिचारिकांना शौर्याचीं पदकें द्यावीं आणि एकीच्या अंगावर चाळीस खाटा टाकाव्या, ही युक्ति सोयीची असली तरी फसवी आहे. पापणी जड झालेली दिसावयास त्या खाटेपाशीं क्षणभर थांबावयास सवड पाहिजे. जी मुलगी एका टोकाला सलाईन लावते तोंच दुसऱ्या टोकाला कोणी ओरडतो, तिच्याकडून पुढारीपणाची अपेक्षा करणें म्हणजे बुडत्याकडून पोहण्याचे धडे मागण्यासारखें आहे. जबाबदारी खालीं सोडावयाची आणि माणसें, वेळ व पाठबळ वर राखून ठेवावयाचें, ह्याला वांटून देणें म्हणत नाहींत. त्याला अंग काढून घेणें म्हणतात. चूक झाली तर ती वॉर्डाची, आणि श्रेय मिळालें तर तें आपलें, असें मानणाऱ्या प्रमुखाच्या हाताखालीं मुली फार लवकर गप्प राहावयास शिकतात. मग त्या वॉर्डांत सर्व कांहीं शांत असतें; नियम पाळले जातात, कागद भरले जातात, आणि कोपऱ्यांतल्या खाटेवरचा माणूस पहाटे कोणाला न सांगतां श्वास सोडतो.

नारायणगांवाच्या बाजारांत टोमॅटोच्या गाड्या लागावयाच्या वेळीं रुग्णालयांत पाळी बदलते. रात्रभर जागलेली परिचारिका सकाळच्या परिचारिकेला एकेक खाट दाखवीत जाते. तीन नंबर: फुरसें, दहा कुप्या झाल्या, रात्रीं बाराला सुरू केलें, सहा तासांनीं रक्त पुन्हां पाहावयाचें, म्हणजे आतांच. सात नंबर: पोटदुखी म्हणून आले होते, तिनाला डॉक्टरांना उठविलें, प्रतिविष चालू आहे, श्वासाकडे लक्ष ठेवा, ऐकूं येतें, जपून बोला. मावशी ट्रेमध्यें नवी नळी ठेवून जातात. सकाळची परिचारिका तीन नंबरच्या दंडाला पट्टा बांधते, नळींत रक्त घेते, ती खिडकीच्या कट्ट्यावर उभी करून ठेवते, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वेळ लिहिते: सहा वाजून पांच मिनिटें.